पूर्वपक्षाचे दौर्बल्य : चेताजाल आणि समाश्रयण यांच्या तुलनेची मीमांसा

शास्त्रार्थाच्या परंपरेत पूर्वपक्ष मांडण्याचे एक कडक पथ्य पाळले जात असे. ज्या मताचे खंडन करावयाचे, ते मत त्याच्या कैवाऱ्यांनाही मान्य व्हावे इतक्या सामर्थ्याने आधी मांडावयाचे आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावयाचे. न्यूरल नेटवर्क, म्हणजेच कृत्रिम चेतापेशींचे जाळे, हे समाश्रयण व वर्गीकरण यांच्या जुन्या संख्याशास्त्रीय पद्धतींहून श्रेष्ठ आहे असे प्रतिपादणारे विपुल वाङ्मय गेल्या तीन-चार दशकांत निर्माण झाले आहे. त्यातील पुष्कळसे लेखन या पथ्याच्या कसोटीस उतरत नाही. बहुतेक प्रबंधांत एक कोष्टक असते. त्याच्या एका स्तंभात चेताजालाचा निकाल असतो, आणि त्यामागे थरांची संख्या, पेशींची संख्या, शिक्षणाचा वेग यांबाबत केलेल्या अनेक प्रयोगांचे श्रम असतात. दुसऱ्या स्तंभात लॉजिस्टिक समाश्रयण असते. चले जशी हाती आली तशीच एका रेषीय सूत्रात घालून ते एकदाच चालविलेले असते. पूर्वपक्षाला येथे तोंड उघडण्याचीही संधी मिळालेली नसते.

मुळात हे दोन पक्ष समजले जातात तितके परस्परांहून वेगळे नाहीत. लजांद्र यांनी लघुतम वर्गांची पद्धती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. गाल्टन यांनी आईबाप व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून ‘रिग्रेशन’ हा शब्द १८८६ च्या सुमारास रूढ केला. द्विपर्यायी फलितांच्या समाश्रयणाला कॉक्स यांनी १९५८ मध्ये सुव्यवस्थित रूप दिले. त्याच १९५८ साली रोझेनब्लाट यांचा ‘पर्सेप्ट्रॉन’विषयीचा निबंध प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका कृत्रिम चेतापेशीचे कार्य असे चालते : प्रत्येक निवेशाला एका भाराने गुणावयाचे, गुणाकारांची बेरीज करावयाची आणि ती बेरीज एका एस-आकाराच्या वक्रातून न्यावयाची. हा वक्र लॉजिस्टिक असेल आणि भार महत्तम शक्यतेच्या तत्त्वाने ठरविले असतील, तर ही पेशी म्हणजे लॉजिस्टिक समाश्रयणच होय, दुसरे काही नव्हे. वॉरन सार्ल यांनी १९९४ मध्ये या दोन शास्त्रांच्या परिभाषा शेजारी शेजारी ठेवून दाखविले की, एका ठिकाणचे ‘शिक्षण’ ते दुसऱ्या ठिकाणचे ‘आकलन’ आणि एका ठिकाणचे ‘भार’ ती दुसऱ्या ठिकाणची ‘प्राचले’. नावे बदलली की शास्त्रही बदलले असा भास होतो. हा भास दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना सोयीचाच ठरला असावा.

खरा भेद आहे तो मधल्या, अदृश्य थरांचा. समाश्रयणात चलांचे रूप अभ्यासक ठरवितो. वयाचा वर्ग घ्यावयाचा की लॉगरिदम, दोन चलांचा गुणाकार सूत्रात आणावयाचा की नाही, हे त्याच्या विषयज्ञानावर सोपविलेले असते. चेताजालात मधले थर ही नवी चले सामग्रीतूनच घडवितात, आणि शेवटचा थर त्या घडविलेल्या चलांवर बहुधा साधे समाश्रयणच करतो. ही शक्ती निःसंशय मोठी आहे. परंतु तिच्या समर्थनार्थ जो सिद्धांत प्रबंधांच्या आरंभी भक्तिभावाने उद्धृत केला जातो, तो तेवढे सांगत नाही. सिबेंको यांनी आणि हॉर्निक, स्टिंचकोम व व्हाइट यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले की, पुरेशा पेशी असलेला एकच मधला थर मर्यादित व बंदिस्त क्षेत्रावरील कोणत्याही सतत फलनाच्या वाटेल तितके जवळ जाऊ शकतो. बहुपदींबाबत हाच गुण वायरस्ट्रास यांनी १८८५ मध्ये सिद्ध केला होता; म्हणून वीस घातांची बहुपदी प्रत्येक प्रश्नाला लावावी असे कोणी सुचविले नाही. असे जाळे अस्तित्वात आहे हे एक विधान झाले. मर्यादित आणि दोषमिश्रित नमुन्यातून ते हाती लागेल हे अगदी वेगळे विधान आहे.

चले घडविण्याचे श्रम कोणी केले, हा प्रश्न तुलनेच्या मुळाशी आहे. फिशर यांनी १९३६ मध्ये आपले विभेदक फलन आयरिस फुलांच्या ज्या सामग्रीवर दाखविले, तीत तीन जातींची प्रत्येकी ५० फुले आणि प्रत्येक फुलाची चार मापे होती. पाकळ्या व निदले यांची लांबी-रुंदी मोजावी हे गणिताने सुचविलेले नव्हते. ते वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांच्या दृष्टीने निवडले होते. महालनोबीस यांनी आपले ‘सामान्यीकृत अंतर’ त्याच वर्षी मांडले. संयुक्त प्रांतातील १९४१ च्या मानवमितीय पाहणीला ते लावून महालनोबीस, मजुमदार व राव यांनी १९४९ मध्ये विस्तृत निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथेही डोके, नाक, उंची यांची मापे मानवशास्त्राने आधीच पुरविलेली होती. फिशर यांच्यासमोर मापांऐवजी फुलांची छायाचित्रे ठेवली असती, तर त्यांचे फलन निरुपयोगी ठरले असते. उलट, मापे हाती असताना छायाचित्रांसाठी घडविलेले यंत्र त्यांवर लावून फारसे काय साधणार?

या प्रश्नाचे उत्तर एका अलीकडील वादात स्वच्छ दिसते. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के कोणत्या जागी बसतील याविषयी डेव्हरीस व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मुख्य भूकंपामुळे भूकवचातील प्रतिबलात झालेल्या बदलाचे सहा घटक, त्यांची निरपेक्ष मूल्ये आणि त्या मूल्यांची ऋण रूपे, असे बारा निवेश. प्रत्येकी ५० पेशींचे सहा थर. आणि शेवटी एक उत्तर, अशी त्यांच्या जाळ्याची रचना होती. प्राचलांची गणना कोणासही करता येते : पहिल्या थरात ६५०, पुढील पाच थरांत प्रत्येकी २,५५० आणि अखेरीस ५१, एकूण १३,४५१. आरओसी वक्राखालील क्षेत्रफळ हे यशाचे माप घेतले होते, त्यात ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज आणि १ म्हणजे निर्दोष भेद. जाळ्याने ०.८५ च्या जवळपास मजल मारली. प्रतिपक्ष म्हणून निवडलेला कूलोंब प्रतिबलाचा रूढ निकष ०.५८३ वरच राहिला. वृत्तपत्रांना एवढे पुरेसे होते.

हा प्रतिपक्ष कोणत्या प्रकारचा होता, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले. कूलोंब निकष हा भौतिक सिद्धांतातून निघालेला एक आकडा आहे. सामग्रीला जुळवून घेण्याची संधी त्याला दिलेलीच नव्हती. एका बाजूला सिद्धांत आणि दुसऱ्या बाजूला सामग्रीशी जुळविलेले जाळे, अशी ती विषम लढत होती. समाश्रयण तर मैदानात उतरलेच नव्हते. मिन्यान व ब्रोकार्डो यांनी ते २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात उतरविले. मुख्य भूकंपातील भ्रंशाचे सरासरी सरकणे आणि भ्रंशापासूनचे अंतर या राशींवर आधारलेल्या, दोन मुक्त प्राचलांच्या लॉजिस्टिक समाश्रयणाने १३,४५१ प्राचलांच्या जाळ्याइतकेच यश मिळविले. एका पेशीने सहा थरांची बरोबरी केली.

येथे मूळ निबंधकारांना न्याय देणे अवश्य आहे. जाळ्याच्या उत्तरांमधील ९८ टक्क्यांहून अधिक विचरण हे प्रतिबलघटकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज किंवा कर्तन प्रतिबलातील महत्तम बदल यांसारख्या एकेका साध्या राशीने स्पष्ट होते, हे त्यांनी स्वतःच नोंदविले होते. म्हणजे आपले जाळे अखेरीस एकाच राशीपाशी येऊन थांबले आहे, हे त्यांना दिसले होते; ती राशी थेट समाश्रयणात घालून पाहण्याचे पाऊल तेवढे राहिले. दुसरीकडे ‘दोन प्राचले’ हा आकडाही काहीसा फसवा आहे. कोणत्या दोन राशी घ्यावयाच्या हे ठाऊक होण्यामागे भूकंपशास्त्राचे अनेक दशकांचे निरीक्षण उभे आहे, आणि ते प्राचलांच्या गणनेत कोठेच येत नाही. समाश्रयणाचे कैवारी या आकड्याचा जयघोष करतात, तेव्हा विषयतज्ज्ञाचे श्रम ते फुकटात आपल्या खात्यावर जमा करीत असतात.

वैद्यकातील चित्र याहून व्यापक आहे. क्रिस्टोडूलू व सहकारी यांनी २०१९ मध्ये रोगनिदान व रोगाचे भवितव्य यांविषयीचे ७१ अभ्यास तपासले. त्यांत लॉजिस्टिक समाश्रयणाची यंत्रशिक्षणाच्या निरनिराळ्या पद्धतींशी तुलना केलेली होती, आणि २६ अभ्यासांत चेताजाले होती. एकूण २८२ तुलनांपैकी १४५ तुलना पक्षपाताचा धोका कमी असलेल्या होत्या. त्यांत क्षेत्रफळाच्या लॉजिट मापनावर सरासरी फरक ०.०० निघाला. धोका अधिक असलेल्या १३७ तुलनांत मात्र नव्या पद्धती ०.३४ ने सरस ठरल्या. नव्या पद्धतींचे श्रेष्ठत्व तुलनेतील दोषाबरोबर येते आणि दोष गेला की तेही जाते, हे यापेक्षा नेमकेपणाने दाखविणे कठीण. ५६ अभ्यासांनी तर वर्तविलेल्या संभाव्यता प्रत्यक्षाशी जुळतात की नाही हे पाहिलेच नव्हते. रुग्णाला ‘शंभरात वीस’ असे सांगितले, तर तशा शंभरांपैकी सुमारे वीसच दगावतात काय, हा तो प्रश्न. वैद्याला तो क्षेत्रफळाहून अधिक महत्त्वाचा वाटल्यास नवल नाही.

यावरून चेताजालांचा सर्वच बडिवार पोकळ आहे असा निष्कर्ष काढणे ही उलट बाजूची तीच चूक होईल. पूर्वपक्ष सन्मानाने मांडूनही चेताजाल कसे विजयी होते, याचा उत्तम नमुना लकून, बोटू, बेंजिओ व हाफनर यांच्या १९९८ च्या निबंधात आहे. हस्तलिखित अंकांची ६०,००० चित्रे शिकण्यासाठी आणि १०,००० परीक्षेसाठी होती. साधा रेषीय वर्गीकारक १२.० टक्के चुका करीत होता. निबंधकार तेथे थांबले असते, तर आपला विजय बारापट आहे असे त्यांना सांगता आले असते. ते थांबले नाहीत. अंकांच्या जोड्यांसाठी निरनिराळे रेषीय वर्गीकारक वापरून त्यांनी चूक ७.६ टक्क्यांवर आणली. ४० प्रमुख घटक काढून त्यांवर द्विघाती वर्गीकारक चालविला, तेव्हा ती ३.३ टक्के झाली. म्हणजे जुन्याच साधनांनी जवळजवळ तीन-चतुर्थांश चुका नाहीशा केल्या. त्यानंतर त्यांचे पाच नंबरचे ‘लेनेट’ जाळे ०.९५ टक्क्यावर उतरले. ही साडेतीनपट सरशी प्रामाणिक आहे, म्हणूनच ती मोठी आहे. चित्रातील एकेका ठिपक्याला स्वतःचा अर्थ नसतो. अर्थ रेषांत, वळणांत, त्यांच्या परस्परस्थितीत असतो, आणि तो हाताने मोजून कोष्टकात भरता येत नाही. अशा ठिकाणी अँडरसन यांची मोजपट्टी जाळ्यालाच घडवावी लागते. आवाज व भाषा यांच्या क्षेत्रांतही हेच घडले आहे.

चले अर्थपूर्ण असतानाही जाळे खरोखर सरस ठरले, तरी प्रश्न संपत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणास रुग्णालयात ठेवावे आणि कोणास घरी उपचार द्यावेत, हे ठरविण्यासाठी अमेरिकेत १९९० च्या दशकात एक प्रकल्प झाला. कारुआना व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचा वृत्तांत दिला आहे. तेथील एका सामग्रीवर चेताजालाचे क्षेत्रफळ ०.८६ आणि लॉजिस्टिक समाश्रयणाचे ०.७७ होते. हा फरक किरकोळ नव्हे. तरीही प्रत्यक्ष रुग्णांसाठी समाश्रयणच निवडले गेले. कारण त्याच सामग्रीवर चालविलेल्या, नियम शिकणाऱ्या दुसऱ्या एका पद्धतीने असा नियम काढला होता की, दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका कमी असतो. सामग्रीच्या दृष्टीने हे खरेच होते. दम्याचा रुग्ण आला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, आणि त्या तत्पर उपचारांमुळे तो वाचत असे. हाच नियम आधार धरून दमेकऱ्यांना घरी पाठविले असते, तर काय झाले असते हे सांगावयास नको.

समाश्रयणात ही चूक शिरली नसती असे नाही. तेथेही दम्याचा गुणक ऋणच आला असता. परंतु तो एका ओळीत, चिन्हासह छापलेला असतो. वैद्याने तो वाचावा, चमकावे आणि खोडावा अशा जागी असतो. जाळ्यातील दम्याचा दोष ठाऊक झाल्यावर तोही दुरुस्त करता आला असता. अडचण होती ती जे दोष अद्याप कोणास दिसलेच नव्हते त्यांची. पुढे प्रत्येक चलाचा परिणाम स्वतंत्र वक्राने दाखविणारी, समाश्रयणाच्याच कुळातील योगात्मक प्रतिमाने कारुआना व सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या सामग्रीवर चालविली. त्यांची अचूकता उत्तमोत्तम पद्धतींच्या तोडीची निघाली, आणि वक्र वाचता येत असल्याने दम्याखेरीज दीर्घकालीन फुफ्फुसविकार आणि छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास हेही धोका ‘कमी’ करणारे म्हणून त्यांत आढळले.