उजेडातील स्वगत : ग्लोब नाट्यगृहाच्या निमित्ताने

नाट्यसमीक्षेत संहिता आणि प्रयोग यांची चर्चा होते. नाट्यगृहाच्या वास्तूचा उल्लेख मात्र बहुधा पार्श्वभूमीपुरताच येतो. ही उपेक्षा अर्थनिर्णयाला कशी बाधक ठरते, हे शेक्सपिअरच्या स्वगतांवरून स्पष्ट होते.

१५९९ मध्ये लंडनला थेम्सच्या दक्षिण तीरावर उभारलेल्या ग्लोबचे अंगण उघडे होते. प्रयोग दुपारी होत. प्रेक्षकांत शिरलेल्या रंगमंचाभोवती, तिन्ही बाजूंना, एक पेनी देऊन आलेले लोक उभे असत. नटाला प्रेक्षक दिसत आणि प्रेक्षकांना एकमेक. याच सुमारास लिहिल्या गेलेल्या हॅम्लेटची स्वगते अशा उजेडात केवळ एकांतचिंतन राहत नाहीत. समोरच्या चेहऱ्यांना विचारलेले प्रश्न होतात.

आपण वाचतो तो हॅम्लेट मात्र काळोखात बोलतो. हा काळोख पुढच्या काळाची देणगी आहे. बायरॉइट येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या वाग्नरच्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारले गेले, वाद्यवृंद दृष्टीआड झाला आणि प्रत्येक नजर रंगमंचाकडे वळविली गेली. अशा प्रेक्षागाराची सवय जडल्यावर स्वगत म्हणजे चोरून ऐकलेले मन, असे आपण गृहीत धरू लागलो. वस्तुतः ‘स्वगत’ ही संज्ञा आपणास सावध करू शकली असती. ‘दशरूपका’त स्वगत ‘अश्राव्य’ मानले आहे ते इतर पात्रांच्या दृष्टीने; प्रेक्षकाच्या नव्हे.

मूळ जागेजवळच १९९७ मध्ये खुल्या झालेल्या पुनर्रचित ग्लोबमुळे हा विचार प्रयोगातून तपासता येऊ लागला. तथापि त्या पुराव्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. लाकडी सांगाडा, गवती छप्पर, उघडे अंगण यांची पुनर्रचना शक्य आहे, प्रेक्षकाची नाही. १५९९ च्या प्रेक्षकाला अंधाऱ्या प्रेक्षागाराचा पर्याय ठाऊक नव्हता. आजचा प्रेक्षक तो पर्याय जाणूनबुजून बाजूला ठेवून उजेडात उभा राहतो. त्याचा मोकळेपणा काही अंशी सांस्कृतिक पर्यटकाचा असतो.

म्हणून पुनर्रचित वास्तू स्वगताचा ‘मूळ’ अर्थ सिद्ध करीत नाही. आपण ज्याला संहितेचा अंतर्गत गुण समजत होतो, त्यातील काही भाग दिव्यांच्या व्यवस्थेतून आला आहे, एवढे ती दाखवून देते. नाट्यसंहितेच्या कोणत्याही वाचनापूर्वी ‘येथे कोण कोणाला दिसत होते?’ हा प्रश्न विचारणे त्यामुळे अपरिहार्य ठरते.