चिंचोक्यांची बरणी आणि खेळाडूंचा बाजार

फुटबॉलवरील पुस्तकाचे परीक्षण विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. सायमन कूपर हे पत्रकार आणि स्टेफान शिमान्स्की हे अर्थशास्त्रज्ञ. या दोघांनी मिळून लिहिलेले 'सॉकरनॉमिक्स' हे पुस्तक २००९ साली निघाले आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही आल्या. क्लबांनी खेळाडू कसे विकत घ्यावेत याविषयीचे त्यातील प्रकरण विशेष गाजले. वर्गात सहसंबंध आणि सरासरी शिकवताना मुलांना गुंतवून ठेवील असे उदाहरण सहसा हाती लागत नाही. या प्रकरणात अशी चार-पाच उदाहरणे आहेत. मात्र त्यातील सगळेच निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारावेत असे आम्हाला वाटत नाही.

प्रथम या बाजाराची रीत पाहू. युरोपातील खेळाडू आपल्या क्लबाशी काही वर्षांचा करार करतो. मुदत संपण्यापूर्वी तो दुसऱ्या क्लबाला हवा असेल, तर त्या क्लबाने पहिल्याला भरपाई द्यायची. हीच ट्रान्सफर फी. खेळाडूचा पगार वेगळा. डिसेंबर १९९५ मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, आणि तेव्हापासून करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात फीविना दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणजे करार संपायला तीन वर्षे उरलेली असताना जो खेळाडू महाग, तोच सहा महिने उरले की स्वस्त होतो. त्याचा खेळ तेवढाच असतो.

हे ध्यानात ठेवले की पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध आकडा समजायला सोपा जातो. लेखकांनी १९७८ ते १९९७ या काळातील ४० इंग्लिश क्लबांचे हिशेब तपासले. लीगमधील स्थानांत जो फरक आढळला, त्यापैकी ९२ टक्के फरक पगारावरील खर्चाने स्पष्ट होतो आणि ट्रान्सफरवरील खर्चाने फक्त १६ टक्के. 'स्पष्ट होतो' म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना असे सांगता येईल. क्लबाविषयी काहीही माहीत नसताना त्याचा क्रमांक ओळखायचा असेल, तर प्रत्येकासाठी मधलाच क्रमांक सांगावा लागेल. प्रत्येक वेळी किती चूक झाली ते मांडा, चुकांचे वर्ग करा आणि बेरीज घ्या. आता पगाराचे आकडे समोर ठेवून पुन्हा क्रमांक ओळखा. ९२ टक्के म्हणजे ती बेरीज ९२ टक्क्यांनी घटली.

आकडा खरा आहे, पण तो इतका मोठा कसा आला? ही वीस वर्षांची सरासरी आहे. एका वर्षात दुखापती, पंचांची चूक, गोलखांबाला लागून परतलेला चेंडू, असे बरेच काही घडते. वीस वर्षांच्या सरासरीत ते परस्परांना खोडून काढते. सात वर्षांच्या गुणांची सरासरी विद्यार्थ्याच्या अभ्यासाशी जितकी जुळते, तितकी एका घटक चाचणीची जुळत नाही, यातलाच हा प्रकार. यंदा पगार वाढवला म्हणजे यंदाच क्रमांक चढेल, असे या आकड्यावरून म्हणता येत नाही. शिवाय कारण कोणते आणि कार्य कोणते? चांगला पगार दिला म्हणून क्लब जिंकतो हे खरे, पण जिंकणाऱ्या क्लबाकडे पैसा येतो आणि त्याचे पगार वाढतात हेही खरे. लेखकांना याची जाणीव आहे. पुस्तकाचा दाखला देणाऱ्यांना बहुधा नसते.

पगाराचे याहून चांगले काम याच पुस्तकात अन्यत्र आहे. इंग्लंडमध्ये १९७८ नंतरच्या दीड दशकात ज्या क्लबांनी अधिक कृष्णवर्णीय खेळाडू खेळवले, त्यांचे स्थान त्यांच्या पगारखर्चाच्या मानाने वरचे होते, असे शिमान्स्की यांनी दाखवले. याचा अर्थ कृष्णवर्णीय खेळाडूंना त्यांच्या खेळाइतके मोल मिळत नव्हते. बोलून दाखवला न जाणारा पक्षपात हिशेबाच्या वहीत पकडला गेला. आमच्या मते पुस्तकातील हा सर्वांत मोलाचा भाग होय.

आता खरेदीकडे वळू. ज्या गोष्टीला पुस्तकात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, ती वर्गात करून पाहता येते. एका बरणीत चिंचोके भरा. किती आहेत ते मुलांना सांगू नका. प्रत्येक चिंचोक्याला एक पैसा धरून, ही बरणी तुम्ही किती पैशांना घ्याल ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठ्या उघडा. काही अंदाज कमी असतील, काही जास्त. सगळ्यांची सरासरी खऱ्या आकड्याच्या बरीच जवळ आली, तरी बरणी सरासरीला मिळत नाही. ती मिळते सर्वांत मोठा आकडा लिहिणाऱ्याला, आणि बहुतेक वेळा त्याचाच अंदाज सर्वांत फुगलेला असतो. बरणी जिंकणारा पैसे हरतो. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. अॅटलांटिक रिचफिल्ड या अमेरिकन तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावासंबंधी तो प्रथम मांडला. यातून निघणारा उपाय उलटा वाटतो: बोली लावणारे जितके अधिक, तितकी आपली बोली आपल्या अंदाजाखाली ठेवावी. आयपीएलचा लिलाव टीव्हीवर पाहणाऱ्या मुलांना हे चटकन पटते. तेथे निदान संघांच्या खर्चावर मर्यादा तरी असते.

खेळाडू म्हणजे चिंचोक्यांची बरणी नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. ज्या क्लबाकडे बरा गोलरक्षक नाही त्याच्यासाठी चांगल्या गोलरक्षकाचे मोल इतरांपेक्षा जास्त. पण अनेक क्लब एकाच तरुणाच्या मागे लागतात, तेव्हा बरणीचा नियम लागू होऊ लागतो. विक्रेत्याला घेणाऱ्याचा खिसा दिसत असेल तर मग विचारायलाच नको. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिस सां-जर्मां क्लबाने नेमारसाठी बार्सिलोनाला २२.२ कोटी युरो दिले. बार्सिलोनाकडे एवढी रक्कम आहे आणि तिला नेमारच्या जागी कोणीतरी तातडीने हवा आहे, हे सगळ्या जगाला ठाऊक झाले. बोरुसिया डॉर्टमुंडने वर्षापूर्वी सुमारे दीड कोटी युरोंना घेतलेला उस्मान डेंबेले त्याच महिन्यात बार्सिलोनाला १०.५ कोटी आणि वर काही अशा दराने विकला. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने फिलिपे कुतिन्योला १२ कोटी युरो आणि वरच्या अटींसह विकले. त्यांनी त्याला २०१३ मध्ये ८५ लाख पौंडांना घेतले होते. त्याच जानेवारीत लिव्हरपूलमध्ये बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक दाखल झाला आणि त्या उन्हाळ्यात गोलरक्षक अॅलिसन. २०१९ च्या उपांत्य फेरीत पहिला सामना ०-३ असा हरलेल्या लिव्हरपूलने दुसऱ्यात बार्सिलोनाला ४-० असे हरवले आणि पुढे चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२० साली बायर्न म्युनिकने बार्सिलोनाचा ८-२ असा धुव्वा उडवला, तेव्हा बायर्नकडून शेवटचे दोन गोल केले ते उसनवार दिलेल्या कुतिन्योनेच. बार्सिलोनाने त्याला घेतले तेव्हा तो वाईट खेळाडू नव्हता. किंमत वाईट होती.

मोठ्या स्पर्धेतील कामगिरी पाहून खेळाडू घेऊ नये, हा पुस्तकातील नियम मात्र पक्क्या पायावर उभा आहे. पाच-सहा सामन्यांत कोणीही चमकू शकतो, आणि त्या चमकीत नशिबाचा वाटा असतोच. पुढच्या हंगामात खेळ सरासरीकडे परततो. १९९६ च्या युरोपीय स्पर्धेनंतर मँचेस्टर युनायटेडने कारेल पोबोर्स्की आणि जॉर्डी क्रॉइफ यांना घेतले. दोघेही तेथे रुजले नाहीत. अॅलेक्स फर्ग्युसन यांनी पुढे आत्मचरित्रात ही खरेदी स्वतःला धडा म्हणून सांगितली आहे. डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींनी निवड कशी बिघडते याचे पुस्तकातील एक उदाहरण गमतीचे आहे. एका मोठ्या इंग्लिश क्लबाच्या लक्षात आले की पाहणीला गेलेली माणसे सोनेरी केसांच्या खेळाडूंची शिफारस जरा जास्तच करतात. मैदानावर ते केस उठून दिसतात, एवढेच! सुट्टीनंतर शाळेचा संघ निवडताना आपणही उंच मुलांकडे आधी पाहतोच की.

आमचा खरा आक्षेप येतो तो नियमांच्या यादीपाशी. ही यादी मुख्यत्वे यशस्वी क्लबांवरून बनवलेली आहे. त्यात लियाँ हा फ्रेंच क्लब मोठा आदर्श. जाँ-मिशेल ओलास यांनी १९८७ मध्ये त्याची सूत्रे घेतली तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत होता. २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षे तो फ्रान्सचा विजेता ठरला. विशीच्या सुरुवातीचे खेळाडू घ्यावेत, वाजवीपेक्षा जास्त किंमत आली की कोणालाही विकावे, आणि नव्याला घर-शाळा-भाषा यांत मदत करावी, हे लियाँचे नियम. मायकेल एसियनला त्यांनी २००५ साली चेल्सीला सुमारे ३.८ कोटी युरोंना विकले. पण पुस्तक निघाले २००९ मध्ये, आणि २००८ नंतर लियाँच्या पुरुष संघाने एकदाही लीग जिंकलेली नाही. २०१० मध्ये त्यांनी २४ वर्षांच्या योआन गुर्कुफला सुमारे २.२ कोटी युरोंना घेतले. नियमांच्या चौकटीत तो बऱ्यापैकी बसत होता. दुखापतींनी त्याला गाठले आणि २०१५ मध्ये करार संपून तो फुकट गेला. हेच नियम पाळून बुडालेले क्लब किती, हे कोणी मोजले आहे काय? परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाने पहाटे अभ्यास केला एवढे सांगून भागत नाही. पहाटे उठून नापास झालेल्यांनाही विचारावे लागते.

दुसरा आदर्श नॉटिंगहॅम फॉरेस्ट. ब्रायन क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांनी हा क्लब १९७७ मध्ये वरच्या श्रेणीत आणला, १९७८ मध्ये लीग जिंकली, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपीय चषक. त्यांचा एक नियम असा: जुगार-दारू अशा अडचणींमुळे स्वस्त झालेला चांगला खेळाडू घ्यावा आणि त्याची अडचण सोडवायला मदत करावी. बदनाम केनी बर्न्स त्यांनी १९७७ साली घेतला. १९७८ मध्ये पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले.

हा नियम आम्हाला यादीत सर्वांत अधिक आवडला, कारण खरेदी केली की काम संपले असे तो मानत नाही. आनेल्काचे पुस्तकातील उदाहरण याच जातीचे. १९९९ मध्ये रेआल माद्रिदने या वीस वर्षांच्या मुलासाठी आर्सेनलला दोन कोटी पौंडांहून अधिक मोजले, आणि पहिल्या दिवशी कपडे ठेवायचा त्याचा कप्पा कोणता हे दाखवायलाही कोणी पुढे आले नाही. वर्षभरात तो परत पॅरिसला गेला. बदली होऊन नव्या गावी आलेल्या शिक्षकांना यात नवल वाटू नये.

पण नियम माणसाच्या हातात असतो. याच फॉरेस्टने १९८१ मध्ये जस्टिन फॅशनूला दहा लाख पौंडांना घेतले. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडू. तो समलिंगी आहे असे क्लफ यांच्या कानावर आले, तेव्हा आधार देण्याऐवजी त्यांनी त्याचा अपमान केला आणि त्याला सरावापासून दूर ठेवले. लीगमध्ये त्याने फॉरेस्टसाठी तीनच गोल केले. १९८२ च्या अखेरीस क्लबाने त्याला शेजारच्या नॉट्स काउंटीला दीड लाख पौंडांना विकून टाकले.