वस्तुचित्रातील कथा : कुंभकोणमच्या निमित्ताने

निर्जीव वस्तूंच्या छायाचित्राला कथा सूचित करता येते काय, हा प्रश्न छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. टॅल्बटच्या १८४४ मधील ‘उघडे दार’ या चित्रात एक दार आहे, त्याला तिरपा टेकवलेला खराटा आहे आणि आत काळोख आहे. माणूस मात्र नाही. तरीही झाडणारा हात नुकताच दूर झाला असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. हा खराटा टॅल्बटने हेतुपुरस्सर तेथे ठेवलेला आहे. दैनंदिन वस्तूंना चित्रविषय करण्यासाठी त्याने डच चित्रकारांचा आधारही सांगितला होता.

या कथासूचनेवर मराठी समीक्षेतून एक गंभीर आक्षेप संभवतो. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत पाहिले. त्या दृष्टीने खराट्यामागची कथा ही चित्राबाहेरची भर ठरेल. चित्रात खरे काय ते प्रकाश, काळोख आणि एक तिरपी रेषा. केर्तेशच्या १९२८ मधील ‘काटा’ या चित्राला हे विवेचन चपखल लागू पडते. बशीच्या कडेवर टेकलेला काटा आणि त्याची छाया यांपलीकडे तेथे कोण जेवले, हे विचारावेसेही वाटत नाही. परंतु एका चित्राच्या बाबतीत जे खरे, तो सर्व वस्तुचित्रांचा नियम नव्हे. कथा चित्रावर बाहेरून लादली जाते की वस्तूच्या रूपातूनच उमटते, हा विवेक आवश्यक आहे.

कुंभकोणमच्या वस्तू या विवेकाची उत्तम कसोटी घेतात. पितळी टंबलर-डबऱ्यातील फेसाळ कॉफी, शेजारी मोगऱ्याचा गजरा, मागे नाच्चियारकोविलची समई अशी मांडणी सहज सुचते. आणि ती सहज सुचते, हाच तिचा दोष होय. येथे वस्तू गावाचे नाव सांगून थांबतात. हा अभिधेचा व्यापार आहे. व्यंजनेला त्यात वाव नाही. चकचकीत पितळेवर कोणाचा दिवस गेला, याची खूण कोठेही नाही.

याउलट नाव घातलेले एखादे जुने भांडे घ्यावे. मुलीला दिलेल्या भांड्यांवर नावे कोरण्याची चाल तमिळ घरांत आहे, तशी मराठी घरांतही आहे. १८५५ पर्यंत तंजावरचे मराठी राज्य ज्या प्रदेशात नांदले आणि जेथे १८२८ मध्ये सर टी. माधवराव जन्मले, त्या कुंभकोणमात या दोन्ही परंपरा शेजारी राहिल्या. घासून घासून अर्धवट पुसलेले असे नाव तिरप्या उजेडात टिपले, तर झिजलेल्या अक्षराची उथळ छाया ही एकाच वेळी रूपही असते आणि कथाही. मर्ढेकरांचा समतोल येथे मोडत नाही. उलट त्यालाच अर्थ प्राप्त होतो.

सारंगपाणी सन्निधी मार्गावरील रामानुजनांच्या घराची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसत आणि वहीत बहुधा निष्कर्षच उतरवीत. त्या घरात नवी कोरी पाटी ठेवून तिच्यावर सुबक सूत्र लिहिले, तर ते स्मारकाचे भित्तिपत्रक होईल. पुसल्याचा राखाडी डाग असलेली पाटी मात्र नाहीशा झालेल्या विचाराची वार्ता सांगेल. तेथे कथा लिहिलेल्या अक्षरांत नसून पुसलेल्या अक्षरांत आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने व्यक्तीला आलंबन विभाव मानले आणि चंद्र, उद्यान इत्यादींना उद्दीपन. वस्तुचित्रात आलंबनच अनुपस्थित असते. केवळ उद्दीपनावरून त्याची प्रतीती घडवावी लागते. म्हणून वस्तू रचून ठेवली की तशीच सापडली, हा प्रश्न गौण ठरतो. टॅल्बटचा खराटा ठेवलेलाच होता. परंतु छायाचित्र साक्षीदाराच्या अधिकाराने बोलते, आणि साक्षीदाराने आपल्यासमोर मांडलेल्या वस्तूंवर न झालेला वापर रंगवून दाखविला, तर त्याची साक्ष खोटी ठरते. मांडणी छायाचित्रकाराची असू शकते. झीज मात्र वस्तूची स्वतःची असावी लागते. या अटीवर वस्तुचित्रातील कथा ही सौंदर्याला परकी राहत नाही.