मोनालिसा आणि बावीस डोकी

गाण्यात घराणी असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. फोटोग्राफीतही ती निर्माण झाली आहेत, हे मात्र आमच्या समीक्षकांच्या अजून ध्यानात आलेलं दिसत नाही. मी लग्नातल्या फोटोंबद्दल बोलत नाही. जगातल्या थोर संग्रहालयांत, मिणमिणत्या उजेडात, फ्लॅश न मारता, जगप्रसिद्ध चित्रांचे जे फोटो काढले जातात, त्या कलेबद्दल मी बोलतो आहे. मूळ चित्रांवर कपाटंच्या कपाटं भरून ग्रंथ आहेत. या फोटोंवर एक ओळ नाही. वास्तविक लिओनार्दोनं मोनालिसा एकदाच काढली. आपली माणसं ती रोज हजारो वेळा काढतात.

आता या विषयातला माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. तर सांगतो. आमचे साडू यंदा सपत्नीक युरोपला जाऊन आले. सतरा दिवस, नऊ देश आणि दोन हजार एकशे चाळीस फोटो. हे सगळे फोटो त्यांनी टीव्हीला वायर जोडून आम्हांला एका बैठकीत दाखवले. एखाद्या कलावंताचं समग्र कार्य एका रात्रीत आणि तेही चिवड्यासकट पाहायला मिळणं, हे भाग्य फार थोड्या समीक्षकांच्या वाट्याला येतं.

पहिलं घराणं डोक्यांचं. याचं उगमस्थान पॅरिसमधलं लूव्र. मोनालिसा सत्त्याहत्तर सेंटिमीटर उंच आणि त्रेपन्न सेंटिमीटर रुंद. म्हणजे आपल्या दिवाणखान्यात आजोबांचा जो एनलार्ज केलेला फोटो असतो, त्याहून फार मोठी नाही. त्यातून ती काचेच्या आड, कठड्याच्या पलीकडे. साडूंच्या फोटोत मी मोजून बावीस डोकी आणि चौदा उंचावलेले मोबाईल पाहिले. कमी उजेडात कॅमेरा बिचारा चकाकणारं काहीतरी शोधत असतो. इथं त्याला पुढच्या गृहस्थांचं टक्कल सापडलं. ते टक्कल मात्र अप्रतिम उतरलं आहे.

"पण मोनालिसा कुठाय?" मी विचारलं.

"ती काय भाऊसाहेब! त्या निळ्या शर्टवाल्याच्या मोबाईलमध्ये दिसत्येय ना, ती!"

त्याच दालनात, अगदी समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेजेचं काना गावच्या लग्नाचं चित्र आहे. जवळजवळ दहा मीटर रुंद. केवढी तरी मोठी पंगत बसली आहे, वाढपी धावताहेत, वाजंत्री वाजते आहे. साडूंच्या संग्रहात ते नाही. मराठी माणूस लग्नाच्या पंगतीकडे पाठ करून उभा राहिला, अशी इतिहासात ही पहिलीच नोंद असावी.

दुसरं घराणं कंपाचं. यात थोडं शास्त्र आहे. फ्लॅश नाही म्हटल्यावर कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला वेळ लागतो. उन्हात जे काम सेकंदाच्या पाचशेव्या भागात उरकतं, त्याला इथं दहावा भाग लागतो, आणि तेवढ्यात हात हलतो. तिवई आत नेऊ देत नाहीत. म्हणून जाणकार सांगतात, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरा, पाठ खांबाला किंवा दाराच्या चौकटीला टेकवा, श्वास सोडून क्षणभर थांबा आणि मग हलकेच बटण दाबा. काच असेल तर जरा तिरपं उभं राहा, नाहीतर चित्रातल्या देवदूताच्या छातीवर तुमचाच बुशशर्ट उमटतो. हे सगळं आमच्या साडूंना माहीत आहे. पण ते खांबाला टेकून कुंभक साधतात न साधतात, तोच सहलीचा पुढारी छत्री उंचावून "चला, चला, बस लागली!" असं ओरडतो. त्यामुळे त्यांच्या सगळ्या फोटोंमधला कंप एकाच दिशेचा आहे. दाराच्या.

तिसरं घराणं सर्वांत आधुनिक आणि माझ्या मते सर्वांत घातक. त्याला मी लिंपण घराणं म्हणतो. पूर्वी अंधारातल्या फोटोवर रव्यासारखे दाणे यायचे. ते दिसायला वाईट, पण प्रामाणिक होते. आजचा मोबाईल एका फोटोच्या नावाखाली पाच-दहा फोटो भराभर घेतो, ते एकमेकांवर रचतो, दाणे पुसतो, काळोख उजळतो आणि सारवलेल्या अंगणासारखं गुळगुळीत काहीतरी आपल्या हातात ठेवतो. आम्सटरडॅमच्या रेक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं 'नाईट वॉच' आहे, १६४२ सालचं. खरं म्हणजे प्रसंग रात्रीचा नाहीच. वरचं व्हार्निश काळवंडत गेलं आणि लोकांनी त्याला रात्रीचा पहारा करून टाकलं. १९४०च्या दशकात ते व्हार्निश उतरवलं तेव्हा दिवस उजाडला. पण म्हणून त्यात काळोख नाही असं नव्हे. जो आहे तो रेम्ब्रांटनं हौसेनं ठेवलेला आहे. त्या काळोखातून कप्तान पुढं येतो, ती सोनेरी झग्यातली मुलगी उजळून निघते. साडूंच्या मोबाईलनं सगळ्यांना सारखा उजेड वाटून टाकला आहे. पलटण मंगल कार्यालयात ग्रुप फोटोसाठी उभी असल्यासारखी दिसते. जे दाखवायचं नाही म्हणून चित्रकारानं रात्री जागवल्या, ते मोबाईल न विचारता दाखवतो.

इथं एक प्रश्न येतोच. ही संग्रहालयं तरी इतकी अंधारी का ठेवतात? साडूंचं म्हणणं, वीज वाचवतात. तसं नाही. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढा उजेड पाडते, त्याला साधारण एक लक्स म्हणतात. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात. कागदावरच्या चित्रांना, रेशमाला पन्नास लक्सच्या वर उजेड देऊ नये, तैलचित्रांना दीडशे-दोनशे चालेल, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. कारण उजेड रंग खातो. थोडा थोडा खातो, पण खाल्लेलं परत देत नाही. पन्नास लक्स दहा तास काय आणि पाचशे लक्स एक तास काय, हिशेब सारखाच. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट ब्रिटिश म्युझियमवाले काही महिने मांडतात आणि मग काही वर्षं अंधारात निजवून ठेवतात, ते यासाठीच.

या हिशेबात फ्लॅशची बदनामी जरा जास्तच झाली आहे. तो लखलखतो सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. दिवसभर जळणाऱ्या दिव्याच्या मानानं त्याचं पाप किरकोळ. त्याचा खरा गुन्हा, तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि काचेवर पांढरा गोळा उमटवतो. चित्राला खाणारा उजेड वेगळाच आहे. तुम्ही-आम्ही बघावं म्हणून जो लावून ठेवलेला असतो, तो. म्हणजे बघा, चित्र आपल्याला दिसावं म्हणून ते रोज थोडं थोडं खर्ची पडत असतं. घरात आईनं आपल्या वाटणीचं पानात वाढावं आणि आपण जेवायचं सोडून पानाचा फोटो काढत बसावं, तसं आपलं चाललेलं आहे.

त्या रात्री दोन हजारांत एक फोटो मात्र असा आला की मी चिवडा खायचा थांबलो. फोटो चित्राचा नव्हताच. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका अंधाऱ्या खोलीत आमची मेहुणी बाकावर बसली आहे, पाठमोरी. समोर अंधुक काहीतरी. ते लिओनार्दोचं कोळशानं आणि खडूनं काढलेलं मोठं रेखाटन. मेरी, तिची आई ॲन आणि दोन बाळं. कागदावरचं काम, म्हणून उजेड अगदीच बेताचा. १९८७ साली एकानं यावर बंदूक झाडली होती. तरी ते जगलं.

"इथं हिचे गुडघे धरले," साडू म्हणाले. "दहा मिनिटं बसून राहिली. एक फोटो काढला नाही हिनं!" आणि ते पुढच्या फोटोकडे वळले.

"थांबा हो जरा," मेहुणी म्हणाली. "भावजी, आधी काहीच दिसत नव्हतं बघा. नुसता तपकिरी कागद. मग हळूहळू चेहरे वर आले. दोघी मायलेकी, पण मैत्रिणी शोभाव्यात अशा. एक दुसरीच्या मांडीवर बसल्येय, पण कुठला गुडघा कुणाचा ते काही केल्या कळेना. मला मेलीला गुडघेच दिसायचे! आणि त्या आईचा हात आहे ना, बोट वर केलेला, तो भरलेलाच नाही. नुसत्या रेघा. बाकी सगळं केलं आणि तेवढाच ठेवला. का ठेवला असेल हो?"

सतरा दिवसांत नऊ देशांमधून आणलेला हा एकच प्रश्न होता. बाकीची सगळी उत्तरं होती.

उन्हातून आलेला डोळा अंधुक उजेडाशी जुळवून घ्यायला काही मिनिटं घेतो, पुरत्या अंधाराला तर अर्धा तास. डोळ्याला ती मिनिटं दिली की चित्र आपण होऊन पुढं येतं. मेहुणीच्या गुडघ्यांनी ती दिली. साडूंच्या बोटानं ती दिली नाहीत.

नक्कल करण्यालाच माझा विरोध आहे, असं मात्र कुणी समजू नये. आपल्या अजिंठ्याचंच घ्या. तिथं १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्ससाहेबांनी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच आरंभलं. त्यांच्याही कित्येक नकला १८८५च्या लंडनमधल्याच आगीत गेल्या. पुढं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी त्याच लेण्यांत झगझगीत दिवे न लावता, आहे त्या मंद उजेडात कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून फोटो घेतले, आणि अंधारात हरवलेले रंग लोकांना दिसले. कुंचला असो की कॅमेरा, या सगळ्यांनी एकच गोष्ट केली. ते थांबले.

उलट दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या शिकाऱ्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. तेव्हा लेण्यात मातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरलं. म्हणून आज ते डोक्याच्या वर दिसतं. तो निदान योगायोगानं आला होता. आपण तिकीट काढून जातो आणि तेच करतो. 'आम्ही इथं आलो होतो' एवढंच लिहितो, फक्त खांबाऐवजी मोबाईलवर लिहितो. त्यात खांब वाचतो, हे कबूल केलंच पाहिजे.

शिवाय आता चित्राच्या फोटोची तशी गरजही उरलेली नाही. रेक्सम्युझियमनं २०२२ साली 'नाईट वॉच'चा ७१७ अब्ज बिंदूंचा फोटो सगळ्यांना फुकट खुला केला. रेम्ब्रांटच्या कुंचल्याचा एकेक फटकारा घरी खुर्चीत बसून बघावा. त्यापुढं साडूंच्या हाताचा काय पाड!

तेव्हा माझी एवढीच सूचना आहे. खोलीत शिरलात की आधी बाक शोधा. गुडघे दुखत नसले तरी बसा. घड्याळ लावून पाच मिनिटं नुसतं बघा. पुढारी ओरडेल, ओरडू द्या. बस कुणाला सोडून जात नाही. मग उठा, कोपरं बरगड्यांशी धरा, श्वास सोडा आणि खुशाल एक फोटो काढा. तो हललेला आला तरी बिघडत नाही. काय हललं होतं, ते तुम्हांला माहीत असेल.