लाख मोलाचे बोळे

कानात काय घालावं याबद्दल आमच्या घराण्याचे संकेत फार पूर्वीपासून ठरलेले आहेत. आजोबा सणासुदीला अत्तराचा फाया घालीत. अण्णा, म्हणजे आमचे वडील, थंडीच्या दिवसांत तेलाचा बोळा घालीत. मी बँकेत लागल्यापासून कानावर बॉलपेन ठेवतो आणि दिवसभर तेच शोधतो. या तिन्ही वस्तूंची बेरीज दहा रुपयांच्या पुढे जायची नाही. त्यामुळे हिंजवडीत नोकरी करणारा आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, कानासाठी एक वस्तू घेतली, लाखाच्या थोडी वर गेली," तेव्हा मला वाटलं, पोरानं मोत्यांची भिकबाळी केली. हौस असते एकेकाला.

पण ती भिकबाळी नव्हती. ते 'इन-इअर मॉनिटर' होते. मॉनिटर म्हटलं की मला शाळेतला तो पोरगा आठवतो, मास्तर बाहेर गेले की फळ्यावर आपली नावं लिहिणारा. आता कळलं की या मॉनिटरचं कामही तेच. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकवायचा आणि चूक झाली की तिथल्या तिथे सांगायची. 1995 साली अमेरिकेत व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाचे ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांना रंगमंचावरच्या गदारोळात काही ऐकू येईना, म्हणून त्यांचे ध्वनिसंयोजक जेरी हार्वी यांनी त्यांच्या कानात बसतील असे मॉनिटर बनवून दिले. त्यातूनच 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी निघाली. म्हणजे ही वस्तू मुळात वाजवणाऱ्यांची. ऐकणाऱ्यांनी ती नंतर पळवली.

भाच्यानं चार डब्या माझ्या टेबलावर मांडल्या. एक त्याची स्वतःची: जर्मनीच्या सेनहायझरची 'आयई 900', 2021 साली 1300 डॉलरला बाजारात आलेली. दोन मित्रांकडून मागून आणलेल्या: शूरची 'एसई 846' आणि एटिमोटिकची 'ईआर 4 एसआर'. चौथी वानगीदाखल, मूनड्रॉप नावाच्या चिनी कंपनीची, किंमत वीस डॉलरच्या आसपास. तिचं नाव 'चू'. पुढे 'क' लावायची सोय कंपनीनेच करून ठेवलेली. "मामा, पंधरा दिवस ऐका आणि खरं काय ते सांगा," असं म्हणून तो गेला. त्याला बहुधा वाटलं असावं, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, निदान हिशेब तरी नीट ठेवील.

आधी मी या विषयावरची इंग्रजी परीक्षणं वाचून काढली. मराठीत आणल्यावर ती अशी दिसतात: आवाज ऊबदार आहे, थोडा काळोखी आहे, वरच्या बाजूला हवा भरपूर, मधला भाग किंचित मागे सरकलेला, आणि एकूण मंच प्रशस्त. मी घाईघाईनं वर पाहिलं, आपण चुकून 'फ्लॅट विकणे आहे'चं पान तर उघडलं नाही ना! फक्त स्टेशन पाच मिनिटांवर, एवढंच राहिलं होतं. आता गंमत अशी की या शब्दांना अर्थ असतो. 'ऊबदार' म्हणजे खालच्या पट्टीतले सूर किंचित फुगवलेले, 'हवा' म्हणजे दहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग मोकळा. पण अर्थ कळूनसुद्धा आपल्या गाण्याबद्दल काहीच कळेना, कारण ही सारी भाषा गिटार आणि झांजांवर घासून तयार झालेली. म्हणून मी कसोटी आपली घेतली: तंबोऱ्याची जवारी.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक साधा दोरा सारतात. तो नेमक्या जागी बसला की एकाच तारेतून स्वरांवर स्वर उमलत जातात, मधमाशांचं पोळं जागं झाल्यासारखे. हे वरचे स्वर फार नाजूक असतात. साध्या यंत्रात तंबोरा म्हणजे 'झुंईं' एवढंच उरतं. चांगल्या यंत्रात प्रत्येक तार वेगळी सुटते आणि वेगळी विझते. तंबोऱ्याच्या जोडीला तबल्याचा बायां घेतला, कारण खर्जाची लबाडी तिथे उघडी पडते. आणि गळा कुणाचा, याबद्दल आमच्या घरात मतदान होत नाही. किशोरीबाईंचा भूप लावला.

पण तुलना करणं हे एकामागून एक चार डब्या कानात घालण्याइतकं सोपं नाही. पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. त्याच एका खुणेवर फोन ठेवला तर शूर मोठ्यानं बोलते आणि एटिमोटिक दबकत, कारण एकीला थोडी वीज पुरते, दुसरीला जास्त लागते. आणि माणसाचा कान असा खुळा, की जे जरा मोठं ऐकू येतं ते त्याला जास्त चांगलं वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आवाज वाढला की आपल्याला खर्ज अधिक भरलेला ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय. ग्रामसभेतही हेच चालतं. तेव्हा आधी एक सरळ सूर लावून चारी यंत्रांचे आवाज एका पातळीला आणले. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ताळेबंद मांडण्यापूर्वी तेरीज जुळवली.

दुसरी अडचण रबरी टोपीची. टोपी कानात घट्ट बसली नाही तर खर्ज पळून जातो. थोडासा नाही, सगळाच. बायां असा वाजू लागतो जणू कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचक्या मारतंय. माझा डावा कान उजव्यापेक्षा ऐसपैस आहे हे मला या वयात कळलं. डावीकडे मोठी टोपी, उजवीकडे मधली, अशी जोडी जमेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हा हे आधीच सांगून ठेवतो, की लाखाच्या यंत्राचा निम्मा निकाल चवलीच्या रबरावर लागतो, आणि परीक्षणकारांचं एकमेकांशी पटत नाही त्याचं निम्मं कारण हे, की त्यांचे कान एका मापाचे नसतात.

आता एकेकीबद्दल.

एटिमोटिक हे नाव 'कानाशी इमान राखणारं' अशा अर्थाचं. 1991 साली निघालेल्या 'ईआर 4' या मूळ यंत्राची ही नात, 2016 सालची. हिच्या तीन कंगोऱ्यांच्या टोप्या कानात इतक्या खोल जातात की पहिल्या दिवशी मला डेंटिस्टची खुर्ची आठवली. पण एकदा बसली की बाहेरचं जग बंद. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताचं काय झालं ते सांगत नाही. जवारी हिच्यात अशी ऐकू येते की वाटावं, आपण तंबोरा घेऊन बाईंच्या मागे बसलो आहोत. प्रत्येक तार वेगळी, श्वास वेगळा, शब्दाची कड वेगळी. फक्त बायां शिस्तीत वागतो. तो आहे, पण पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखा आहे. ज्यांना गळाच ऐकायचाय त्यांना यापरतं दुसरं काही नको.

शूरचा संसार मोठा. हिच्या पोटात चार चिमुकले ध्वनिजनक, आणि खर्जाच्या वाटेवर पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांची चळत. त्या पत्र्यांतल्या नागमोडी वाटेनं जाता जाता वरचे सूर गळून पडतात आणि शुद्ध खर्ज बाहेर येतो. आमच्या बँकेत कर्जाचा अर्ज दहा टेबलांवरून जातो त्याचं हे अभियांत्रिकी रूप. पण इथे शेवटी काहीतरी हाती लागतं! बायां हिच्यातच ऐकावा. तळव्याच्या घर्षणानं तो जो 'घुं' करून वर चढतो, ती चढण अंगावर येते. मात्र गळा आणि तंबोरा यांच्यावर एक मऊ शाल पडल्यासारखी वाटते. मूळ मॉडेलबरोबर तीन जातीच्या नळ्या मिळत, आवाज समतोल, ऊबदार की उजळ हवा त्याप्रमाणे बदलायच्या. उजळ लावली की शाल थोडी सरकते.

सेनहायझरमध्ये ध्वनिजनक एकच, सात मिलिमीटरचा. बाकी सगळी करामत अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेल्या कवचात आणि त्यातल्या तीन बारीक कोनाड्यांत, जे आवाजाचे नको ते उंचवटे गिळून टाकतात. हिच्यात जवारीही आहे आणि बायांही आहे, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, पुढचे गृहस्थ फार उंच नसताना जे ऐकू येतं, ते हे. चौघींत हीच सरस, यात मला शंका नाही. कंपनी म्हणते की ही 5 पासून 48,000 हर्ट्झपर्यंत गाते. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20,000 पर्यंत पोचतो आणि वाढत्या वयाबरोबर तिथूनही पायऱ्या उतरायला लागतो. वरचे अठ्ठावीस हजार हर्ट्झ आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यासाठी. त्यानं वर्गणी दिलेली नाही.

आणि ती चू. तिला ऐकताना मी मुद्दाम नाक मुरडायची तयारी करून बसलो होतो. नाक मुरडता आलं नाही. तीच बैठक, फक्त आपण मांडवाच्या टोकाशी. जवारी आहे, पण तारा एकमेकींत मिसळतात. बायां आहे, पण त्याची चढण जरा घाईत उरकते. आणि तरी भूप भूपच राहतो. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम संत्र्यांवर शिकवीत: पहिल्या संत्र्याचा आनंद मोठा, पाचव्याचा थोडा. इथे पहिलं संत्रं वीस डॉलरला, आणि उरलेला आनंद बाराशे ऐंशी डॉलरला. 2017 साली ब्रेबार्ट या संशोधकानं 283 हेडफोन मोजून पाहिले, तर सुरांचा समतोल आणि किंमत यांचा एकमेकांशी काही संबंधच लागेना. समतोल म्हणजेच सारं काही नव्हे, हे मान्य. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसानं हा आकडा खिशात ठेवावा. पाकिटाशेजारीच.

यात अण्णा कुठून आले, तर ते समोरच्या खुर्चीतच होते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. पूर्वी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लागली की ते डोळे मिटून बसत. यंत्र आलं तेव्हापासून त्यांनी गाणं सोडलं. "कळत नाही" म्हणत आणि उठत. आम्ही समजलो, वय झालं.

वाचता वाचता मला कळलं की शूर आणि एटिमोटिकच्या पोटात जो ध्वनिजनक आहे, दोन चुंबकांच्या मध्ये थरथरणारी एक चिमुकली धातूची पट्टी, तो श्रवणयंत्रांतला. एटिमोटिक काढणारे मीड किलियन श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातलेच. सेनहायझरचा ग्राहकांसाठी वस्तू बनवणारा विभाग 2022 साली विकत घेतला, तो स्वित्झर्लंडच्या सोनोव्हानं, म्हणजे श्रवणयंत्र बनवणाऱ्या कंपनीनं. भाच्याच्या डबीत आणि अण्णांच्या कानात एकाच गोत्राची मंडळी नांदत होती. मग एकात भूप आणि दुसऱ्यात नुसती कटकट, असं का?

कारण श्रवणयंत्र बोलणं ऐकण्यासाठी शिकवलेलं असतं. अखंड एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असं समजून ते त्याला दाबतं. तंबोरा अखंड चालतो. लांबलेला 'सा' त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते त्याच्या मागे लागतं. म्हणजे इतकी वर्षं अण्णांच्या कानात तंबोऱ्याला पंखा समजून बंद केलं जात होतं आणि खाँसाहेब तंबोऱ्याशिवाय गात होते.

रविवारी भाच्यानं त्यांची यंत्रं काढून शूर कानात बसवली, उजळ नळी लावून, आवाज हळूहळू चढवत. खाँसाहेब सुरू झाले. तबकडीची खरखर सगळी, अगदी जशीच्या तशी. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाच्याला म्हणाले, "थांब, बोलू नकोस." तो बोलतच नव्हता. हे औषध नव्हे, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानात आवाज वाटेल तसा चढवत बसणं बरं नव्हे, एवढं मलाही कळतं. म्हणून सोमवारी अर्धी रजा टाकून त्यांना यंत्र बसवून देणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या यंत्रात संगीतासाठी एक वेगळी सोय मुळातच होती. कुणी चालू केली नव्हती, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. चालू करायला दहा मिनिटं लागली. पैसे पडले नाहीत. जवारी पूर्ण येत नाही, असं अण्णा म्हणतात, आणि रोज संध्याकाळी म्हणतात, म्हणजे रोज ऐकतात.

भाच्याला माझा निकाल सांगितला: तुझी सरस आहे, ठेव. मला विचारशील तर मी एटिमोटिक घेईन, बोनसनंतर. आणि कुणी नवीन माणूस विचारायला आला तर त्याला चू दे आणि टोप्यांची तीन मापं दे. त्याला निकाल पटला. पण तो आता वायरीकडे वळलाय. बरोबर आलेली वायर तांब्याची, आणि चांदीची लावली की आवाजात 'उजेड' येतो असं त्याचे मित्र म्हणतात. किंमत अठरा हजार. दोन्ही वायरी मी आलटून पालटून ऐकल्या, पातळी जुळवून, आठवडाभर. मला वायरीतून गाणं ऐकू आलं. दोन्ही वेळा तेच.

सौ.नं मात्र ती वायर हातात घेतली, बोटावर गुंडाळून वजनाचा अंदाज घेतला आणि भाच्याला विचारलं, "मोडीत घातली तर किती येतील रे?"