खोटे झेलेन्स्की आणि खरे बोंगो

१६ मार्च २०२२ला युक्रेनमध्ये पसरलेला झेलेन्स्कींचा तो व्हिडिओ मी शॉर्ट फिल्म पाहावी तसा पाहिला. शॉर्ट फिल्म म्हणून तो तिसऱ्या दर्जाचा आहे. धडाच्या मानाने डोकं मोठं, मानेपाशी रंग बदलतो, खांदे पुतळ्यासारखे. माणूस सैन्याला शस्त्रं खाली ठेवायला सांगतोय आणि चेहऱ्यावर हरल्याची एक रेघ नाही! एका टीव्ही वाहिनीची वेबसाइट हॅक करून तो दाखवला गेला. पण असं काही येईल हे सरकारने आधीच सांगून ठेवलं होतं आणि खऱ्या झेलेन्स्कींनी लगेच स्वतःचा व्हिडिओ टाकून त्यातली हवा काढली.

डीपफेकबद्दल बोलताना हेच उदाहरण सारखं दिलं जातं. मला ते फार सोयीचं वाटतं. 'बघा, नीट पाहिलं की कळतं' असा दिलासा त्यात आहे.

गॅबनचा व्हिडिओ तो दिलासा देत नाही. अध्यक्ष अली बोंगो ऑक्टोबर २०१८मध्ये सौदी अरेबियात आजारी पडले. सरकारने बराच काळ धड काही सांगितलं नाही. मग नववर्षाच्या शुभेच्छांचा व्हिडिओ आला. डोळे ताठ, पापणी क्वचितच लवते, एक हात निश्चल. विरोधक म्हणाले, डीपफेक आहे. ७ जानेवारी २०१९ला काही सैनिकांनी रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन उठाव केला (तो काही तासांतच फसला). त्या भाषणाने अध्यक्षांच्या क्षमतेबद्दलची शंका वाढली, असं त्यांच्या निवेदनात होतं.

पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत छेडछाडीची खूण सापडली नाही. बोंगोंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. 'पापण्या मोजा, हालचाल बघा' या आपल्या व्हॉट्सअॅपी कसोट्यांनी इथे एक आजारी माणूस बनावट ठरला असता. खोटं बनवायला इथे कुणी सॉफ्टवेअरसुद्धा उघडलं नव्हतं. सरकारची लपवाछपवी पुरली.

आणि चेहराच नसेल तर? महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४च्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बिटकॉइनवाल्या ऑडिओ क्लिप आल्या. आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोलेंचा असल्याचा दावा होता, दोघांनीही तो नाकारला. फॅक्टचेक करणाऱ्यांनी एआयची शक्यता वर्तवली, तोवर क्लिप घराघरांत पोचल्या होत्या. सकाळी सातला मतदान सुरू झालं.