गुल्हाटींचा सिंधुग्रंथ आणि कराराची परिभाषा

निरंजनदास गुल्हाटी हे मूळचे पाटबंधारे अभियंता. सिंधु-जलवाटपाच्या वाटाघाटींत भारतीय पक्षाचे नेतृत्व त्यांनी केले. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १९७३ साली गुल्हाटींनी या वाटाघाटींचा वृत्तान्त इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या उपशीर्षकात या प्रकरणाचे वर्णन आंतरराष्ट्रीय मध्यस्थीचा प्रयोग असे केले आहे. जागतिक बँकेच्या कार्याला हे वर्णन न्याय देते. तथापि ते अपुरे आहे. मध्यस्थाने पक्षांना एकत्र बसविले. करार टिकला तो मुख्यतः त्याच्या परिभाषेमुळे.

१ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले, तेव्हा वाद हक्काच्या भाषेत मांडला गेला. एका बाजूस वरच्या प्रदेशाचे स्वामित्व होते, तर दुसऱ्या बाजूस पूर्वापार वहिवाट. करार या तत्त्वांचा निवाडा करीतच नाही. सतलज, बियास व रावी यांस तो ‘पूर्वेकडील नद्या’ म्हणतो आणि त्या भारताकडे सोपवितो. सिंधु, झेलम व चिनाब या ‘पश्चिमेकडील नद्या’ भारताला काही मर्यादित वापर राखून पाकिस्तानकडे जातात. हक्काचा शब्द मागे पडतो, व्याख्येचा शब्द पुढे येतो.

नवव्या कलमातील योजना याहून सूक्ष्म आहे. मतांतर उद्भवले की तो प्रथम ‘प्रश्न’ ठरतो व स्थायी सिंधु आयोगापुढे जातो. तेथे न सुटल्यास तो तटस्थ तज्ज्ञाकडे जाणारा ‘मतभेद’ होतो, किंवा लवाद न्यायालयाकडे जाणारा ‘तंटा’. व्यवहारात समानार्थी भासणाऱ्या या शब्दांना येथे पायऱ्यांचे रूप दिले आहे.

परंतु मतभेद कोठे संपतो व तंटा कोठे सुरू होतो, हे ठरविण्याबाबतच पक्षांचे एकमत नसेल तर? किशनगंगा व रातले प्रकल्पांबाबत २०१६ मध्ये नेमके हेच घडले. भारताने तटस्थ तज्ज्ञ मागितला, पाकिस्तानने लवाद न्यायालय; २०२२ मध्ये बँकेने दोन्ही मार्ग खुले केले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित ठेवल्याचे घोषित केले. ‘स्थगिती’ ही संज्ञा करारात नाही. बारावे कलम केवळ दोन्ही शासनांनी अनुसमर्थित केलेल्या नव्या कराराद्वारे होणारा बदल वा समाप्ती जाणते.

गुल्हाटींचा ग्रंथ हा एका पक्षाच्या प्रतिनिधीची साक्ष आहे. म्हणून पाकिस्तानी बाजूच्या लेखनाशी ताडूनच तो वाचावा. तरीही त्याचे मोल कमी होत नाही. सहकार्य सद्भावनेच्या अभावीही शब्दांच्या काटेकोरपणावर काही काळ उभे राहू शकते, हे या लोकसेवकाच्या कार्याने दाखविले. त्या काटेकोरपणाची सीमा मात्र पुढील काळाने दाखविली.